डीएनएस कसं चालतं, आणि साइट ‘लागत नाही’ तेव्हा नेमकं कुठे अडतं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या व्यावसायिकांच्या साइट आणि मेल सांभाळायचं काम मी करतो. दुकानदार, बागायतदार, दवाखाने, एक-दोन शाळा. फोनवर येणारे प्रश्न वर्षानुवर्षं तेच, आणि त्यातले निम्म्याहून जास्त फिरूनफिरून डीएनएसपाशीच येऊन थांबतात. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. सगळी नावं आणि आकडे इथे देवनागरीत आहेत. कॉम्प्युटरवर टाकताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक. कुठूनही वाचायला सुरुवात करा, पण पहिले तीन प्रश्न टाळू नका. बाकीचं सगळं त्यांच्यावर उभं आहे.

डीएनएस म्हणजे थोडक्यात काय?

नाव दिलं की आकडी पत्ता सांगणारी व्यवस्था. इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना आयपी पत्त्याने ओळखतात. १९२.०.२.१० असा चार आकड्यांचा जुना पत्ता, नाहीतर त्याहून कितीतरी लांबलचक असा आयपीव्ही६ चा. आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत हे एक कारण सगळे सांगतात. मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं : पत्ता बदलतो, नाव बदलत नाही. होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती जागा) बदललं की आकडा बदलला, पण पाटीवर, बिलावर आणि टेम्पोच्या मागे रंगवलेलं नाव तेच राहतं.

म्हणजे टेलिफोन डिरेक्टरीच ना?

मीही आधी असंच समजावायचो. आता सोडलं. डिरेक्टरी म्हटली की एक जाडजूड पुस्तक आणि त्यात सगळ्यांची नावं. डीएनएसमध्ये असं पुस्तक कुठेच नाही. जगातल्या एकाही सर्व्हरकडे सगळी नावं नाहीत.

त्यापेक्षा परगावी घर शोधायला गेल्याचं आठवा. एसटी स्टँडवर विचारलं, कुलकर्ण्यांचं घर कुठे हो? टपरीवाला म्हणतो, घर नाही माहीत, पण वरच्या आळीत जा, तिथे विचारा. आळीतला म्हणतो, देवळामागच्या वाड्यात विचारा. वाड्यातल्या आजी बोट दाखवतात : ते काय, निळं दार. टपरीवाल्याला निळं दार माहीत नव्हतं, आणि माहीत असायची गरजही नव्हती. पुढे कोणाला विचारायचं एवढं त्याला बरोबर ठाऊक होतं, तेवढ्यावर काम झालं. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत स्टँडवर विचारत बसत नाही, सरळ निळ्या दाराशी जाता. मधल्या काळात कुलकर्ण्यांनी घर बदललं असेल तर मात्र चुकीच्या दाराची कडी वाजवता.

पुढे कोणाला विचारायचं, आणि ऐकलेलं उत्तर किती वेळ धरून ठेवायचं. डीएनएसचे बहुतेक बिघाड या दोहोंपैकी एकातले असतात.

मी नाव टाकल्यावर साइट उघडेपर्यंत नेमकं काय घडतं?

मराठी विकिपीडियाचंच घेऊ : एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग.

ब्राउझर आधी स्वतःची आठवण चाळतो, मग विंडोज किंवा अँड्रॉइडची. तिथे नाही मिळालं तर प्रश्न जातो ‘रिझॉल्व्हर’कडे. हा बहुधा तुमच्या इंटरनेट कंपनीचा सर्व्हर असतो. सगळी पायपीट तो करतो, तुम्ही फक्त एकदा विचारायचं. त्याच्याकडे ताजं उत्तर असेल तर तो लगेच देतो. दिवसभरातल्या बहुतेक प्रश्नांचं असंच होतं, कारण तुमच्या आधी दुसऱ्या कोणीतरी तेच विचारलेलं असतं.

समजा त्याची पाटी कोरी आहे. मग तो नाव उजवीकडून वाचायला घेतो. सर्वांत आधी रूट सर्व्हर, म्हणजे सगळ्यांत वरचा. रूट सांगतो, विकिपीडिया मला ठाऊक नाही, पण ‘ऑर्ग’चा कारभार बघणारे हे सर्व्हर. ऑर्गवाले (हा कारभार पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री नावाच्या संस्थेकडे आहे) सांगतात, एमआर वगैरे आम्हाला विचारू नका, विकिपीडियाचे नेमसर्व्हर (त्या नावाखालचे पत्ते सांगणारे सर्व्हर) एनएस०, एनएस१ आणि एनएस२ डॉट विकिमीडिया डॉट ऑर्ग, त्यांना विचारा. तिथे खरं उत्तर मिळतं, तेही एका वळणाने : एमआर हे टोपणनाव आहे, मूळ नाव डायना डॉट विकिमीडिया डॉट ऑर्ग, आणि त्याचा पत्ता अमुक. रिझॉल्व्हर ते तुमच्या हाती देतो, स्वतःजवळही ठेवतो. ब्राउझर त्या पत्त्यावर जातो, आणि इथे डीएनएसचं काम संपतं. पान हळू उघडणं, चित्रं न दिसणं, लॉगिन न होणं या पुढच्या गोष्टी.

चौकस माणसाला इथे एक शंका येते. विकिमीडिया डॉट ऑर्गचा पत्ता विचारायला एनएस० डॉट विकिमीडिया डॉट ऑर्गकडे जायचं, तर मग एनएस०चा पत्ता कोण सांगणार? किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप. त्यावर उपाय म्हणून ऑर्गवाले नेमसर्व्हरच्या नावासोबत त्याचा आकडी पत्ताही चिठ्ठीला चिकटवून देतात. या चिकटवलेल्या पत्त्याला ‘ग्लू रेकॉर्ड’ म्हणतात. ग्लू म्हणजे डिंकच.

हे सगळं कोणी उभं केलं?

आधी खरोखरच एक यादी होती. इंटरनेटच्या पूर्वीच्या अर्पानेटवरच्या सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एका फाइलमध्ये असत, नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. तिथल्या माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. नवं यंत्र जोडायचं तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचं, ते फाइलमध्ये नोंद करणार, आणि बाकीचे सगळे ती फाइल पुन्हापुन्हा उतरवून घेणार. यंत्रं शेकड्यांत होती तोवर निभावलं. पुढे फाइल फुगली, ती उतरवून घेणाऱ्यांची गर्दी वाढली, आणि एकाच नावावर दोघांनी हक्क सांगायचे प्रसंग यायला लागले.

१९८३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतल्या पॉल मोकापेट्रिस यांनी आजच्या डीएनएसचा आराखडा मांडला. यादी एकाने सांभाळायची नाही, ज्याचं नाव त्याने आपापलं सांभाळायचं, वरच्याने फक्त खालच्याकडे बोट दाखवायचं. १९८७ मध्ये त्याची सुधारलेली नियमावली आली आणि पाया आजही तोच आहे. डॉट कॉमखाली नोंदलेलं पहिलं नाव सिम्बॉलिक्स डॉट कॉम, तारीख १५ मार्च १९८५.

जुनी होस्ट्स फाइल मेलेली नाही. तुमच्या विंडोजमध्ये, मॅकमध्ये, लिनक्समध्ये ती अजून आहे आणि डीएनएसच्या आधी तिचा मान. नवी साइट जगाला दाखवण्याआधी स्वतः तपासायला मी ती अजूनही वापरतो. आणि ‘सगळीकडे दिसते, माझ्याच कॉम्प्युटरवर दिसत नाही’ अशी तक्रार आली तर कधीकधी तिथेच जुनी ओळ खोडायची राहिलेली सापडते. बहुतेकदा माझीच.

जगात रूट सर्व्हर फक्त १३ आहेत म्हणे?

नावं तेरा, ए पासून एम पर्यंत. चालवणाऱ्या संस्था बारा, कारण ए आणि जे दोन्ही व्हेरिसाइन या कंपनीकडे आहेत. बाकीच्यांत नासाचं एक केंद्र, मेरीलँड विद्यापीठ, अमेरिकी लष्कराची संशोधन प्रयोगशाळा, स्वीडनची नेटनॉड, जपानचा वाइड प्रकल्प अशी मंडळी आहेत. प्रत्यक्ष यंत्रं मात्र जगभर हजाराच्या वर. एकच पत्ता अनेक ठिकाणी लावायचा आणि ज्याला जे जवळ पडेल तिथे त्याचा प्रश्न पोचवायचा, या युक्तीला एनीकास्ट म्हणतात. मुंबईतही अशा प्रती आहेत.

तेराच का? त्या काळी डीएनएसचं साधं उत्तर ५१२ बाइटच्या पाकिटात मावायला हवं असे. तेरा नावं आणि त्यांचे पत्ते त्यात बसत. यामागे अंकशास्त्र वगैरे काही नाही.

उद्या अमेरिकेने बटण दाबलं तर आपलं इंटरनेट बंद?

असं बटण नाही. रूटची यादी छोटीच आहे : डॉट कॉम, डॉट इन, डॉट ऑर्ग अशा चौदाशेच्या आसपास शेपट्या आणि त्यांच्या नेमसर्व्हरांचे पत्ते. या यादीवर अमेरिकी सरकारची देखरेख होती हे खरं, पण ती १ ऑक्टोबर २०१६ पासून संपली आणि कारभार आयकॅन या संस्थेकडे गेला. आयकॅन कॅलिफोर्नियातच आहे, त्यामुळे ज्यांना शंका काढायची ते काढतातच, आणि ती अगदीच निराधार नाही. पण यादी सार्वजनिक आहे, प्रती जगभर आहेत, आणि डॉट इन कुठे आहे हे एकदा कळलं की रिझॉल्व्हर ते दोन दिवसांपर्यंत लक्षात ठेवू शकतो.

साइट नव्या सर्व्हरवर नेली. ‘२४ ते ४८ तास लागतील’ असं सगळे सांगतात. का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न हा.

‘बदल जगभर पसरायला वेळ लागतो’ असं सांगतात. काहीही पसरत नसतं. तुमच्या नेमसर्व्हरवर बदल केला की तो बहुधा त्याच मिनिटाला लागू होतो. ज्याने आधी कधी विचारलंच नाही त्याला पहिल्या फटक्यात नवा पत्ता मिळतो. जुना पत्ता फक्त त्याला मिळतो ज्याने नुकतंच विचारलं होतं आणि ते उत्तर अजून खिशात आहे. म्हणूनच तुम्हाला जुनी साइट दिसते आणि पुण्यातल्या मावशींना नवी.

उत्तर खिशात किती वेळ ठेवायचं हे ते देणाराच सांगतो. प्रत्येक रेकॉर्डसोबत, म्हणजे नोंदीसोबत, सेकंदांचा एक आकडा असतो, टीटीएल. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ३६०० म्हणजे तास, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. तुमचा टीटीएल ३६०० असेल तर बदलानंतर तासाभरात जवळजवळ सगळे नव्या पत्त्यावर यायला हवेत. काही रिझॉल्व्हर आकडा पाळत नाहीत आणि काही ब्राउझर उघडे ठेवले की जुनंच धरून बसतात, म्हणून ‘जवळजवळ’.

मग ४८ तास आले कुठून? तुम्ही पत्ता न बदलता नेमसर्व्हरच बदलता तेव्हा नोंद तुमच्या हातातली राहत नाही, ती वरच्या मजल्यावर असते. डॉट कॉमच्या सर्व्हरवर त्या नोंदीचा टीटीएल १७२८०० सेकंद आहे. भागाकार करा : बरोबर दोन दिवस. तुम्ही पॅनेलमध्ये (नोंदी बदलायच्या पानावर) काहीही आकडा टाका, तो तिथे चालत नाही. होस्टिंगवाल्यांनी मग सरसकट प्रत्येक बदलाला ४८ तास लावून टाकले, कारण तेवढ्या वेळात गिऱ्हाईक परत फोन करत नाही.

माझी पद्धत सांगतो. हलवायच्या दोन दिवस आधी टीटीएल ३०० वर आणायचा. जुना मोठा टीटीएल सगळीकडे संपू द्यायचा. मग रात्री पत्ता बदलायचा, सकाळपर्यंत कोणाला कळतही नाही. जुना सर्व्हर लगेच बंद करायचा नाही, आठवडाभर चालू ठेवायचा. सगळं स्थिर झालं की टीटीएल परत वाढवायचा. आधी दोन दिवसांचा विचार केला की नंतरचे दोन दिवस वाचतात, पण ‘उद्या उद्घाटन आहे, आज साइट हलवा’ म्हणणाऱ्यांना हे पटवणं अवघड.

क्रोमवर ‘एनएक्सडोमेन’ असं काहीतरी येतं. म्हणजे?

म्हणजे ‘या नावाचं इथे कोणी नाही’. बहुधा टाइप करताना चूक, नाहीतर डोमेनची (नोंदवलेल्या नावाची) मुदत संपली, नाहीतर रेकॉर्ड टाकायचाच राहिला. याची धाकटी बहीण ‘सर्व्हफेल’ : तिचा अर्थ, विचारायला गेलो पण धड उत्तर मिळालं नाही. एकात नावच नाही, दुसरीत सांगणारा आजारी आहे. यातला नेमका कोणता शब्द दिसतो तेवढं फोनवर मला वाचून दाखवलंत तरी अर्धं काम होतं.

एक खाचखळगा मात्र लक्षात असू द्या. ‘नाही’ हे उत्तरही खिशात ठेवलं जातं. नवा सबडोमेन (मूळ नावाच्या डावीकडे जोडलेलं नाव) अजून तयार केलेला नाही, आणि उत्सुकतेपोटी तुम्ही तो ब्राउझरमध्ये उघडून पाहिला, की रिझॉल्व्हरने ‘नाही’ लिहून घेतलं. पुढच्या मिनिटाला रेकॉर्ड टाकला तरी तुम्हाला काही काळ ‘नाही’च ऐकू येणार. म्हणून आधी रेकॉर्ड, मग डोकावणं.

डोमेन एकाकडे, होस्टिंग दुसऱ्याकडे, नेमसर्व्हर तिसऱ्याकडे असं चालतं का?

चालतं, आणि पुष्कळदा बरंच असतं. पण तिन्हींतला फरक कळला पाहिजे. डोमेनची नोंदणी म्हणजे सातबारा : नाव कोणाच्या मालकीचं. नेमसर्व्हर म्हणजे पत्ता सांगणारा माणूस. होस्टिंग म्हणजे घर. घर भाड्याचं चालेल, पत्ता सांगणारा बदलला तरी चालेल, सातबारा मात्र स्वतःच्या नावावर हवा.

हे मुद्दाम सांगतो, कारण साइट बनवून देणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या ईमेलवर नोंदवलं, दोन वर्षांनी तो नोकरीला बंगळुरूला गेला आणि फोन उचलेनासा झाला, अशी तक्रार घेऊन दरवर्षी कोणीतरी येतंच. त्याचा हेतू वाईट नसतो. पण रिन्यूची सूचना त्याला जाते, ओटीपी त्याला जातो, आणि पंधरा वर्षं जपलेलं दुकानाचं नाव कागदोपत्री त्याचं असतं. आजच रजिस्ट्रारच्या (डोमेन ज्याच्याकडे नोंदवलं त्या कंपनीच्या) खात्यात जाऊन ईमेल आणि मोबाइल कोणाचा आहे ते बघा.

पॅनेलमधले ते ए, एमएक्स, टीएक्सटी काय असतं?

नोंदींचे प्रकार. ‘ए’ म्हणजे नावाचा आयपीव्ही४ पत्ता, चार वेळा ‘ए’ लिहिलेला म्हणजे आयपीव्ही६ चा. ‘सीनेम’ म्हणजे हे टोपणनाव, मूळ नाव अमुक. ‘एनएस’ म्हणजे या नावाचे नेमसर्व्हर. ‘एमएक्स’ म्हणजे या नावाची टपाल कुठे टाकायची. ‘टीएक्सटी’ म्हणजे मोकळा मजकूर, ज्यात हल्ली मेल खरा की खोटा हे ओळखायच्या एसपीएफ, डीकिम, डीमार्क या खुणा असतात. ‘सीएए’मध्ये या नावासाठी साइट सुरक्षित असल्याचं, कुलूपवालं प्रमाणपत्र कोण देऊ शकतो ते लिहितात. यापलीकडेही बरेच प्रकार आहेत, रोजच्या कामात लागत नाहीत.

साइट हलवली आणि मेल यायचे थांबले. दोन्हींचा काय संबंध?

संबंध डीएनएसचाच, आणि चूक करणारा माझ्यासारखा एखादा. एका आंबा बागायतदारांची साइट मी नव्या सर्व्हरवर नेली. सोय म्हणून नेमसर्व्हरही बदलले. नव्या नेमसर्व्हरवर ए रेकॉर्ड टाकला, साइट झकास उघडली, मी चहा प्यायला गेलो. एमएक्स टाकायचा विसरलो. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर. साहेबांचा तिसऱ्या दिवशी फोन, ‘यंदा ऑर्डरच नाहीत हो, असं कधी झालं नाही.’

झालं होतं असं की एमएक्स नसला की पाठवणारा सर्व्हर, नियमाप्रमाणे, ए रेकॉर्डवरच्या यंत्राकडेच टपाल घेऊन जातो. तिथे फक्त वेबसाइट होती, मेल घेणारं कोणी नव्हतं. दार वाजवून वाजवून पाठवणारे परत फिरत होते. नशीब असं की अशा वेळी बहुतेक सर्व्हर पत्र लगेच फेकत नाहीत, काही दिवस रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. एमएक्स टाकला आणि दुपारपर्यंत अडकलेल्या ऑर्डरी धडाधड आल्या. सगळ्या आल्या का, ते मात्र सांगता येत नाही. तेव्हापासून नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या सगळ्या रेकॉर्डचा फोटो काढून ठेवतो. त्या वर्षीची आंब्याची पेटी मी स्वतःच नको म्हटली.

रिन्यू करायचं राहून गेलं तर नाव लगेच जातं का?

डॉट कॉमसारख्या नावांचं साधारण असं : मुदत संपल्यावर रजिस्ट्रारप्रमाणे काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या दराने रिन्यू करता येतं. साइट आणि मेल मात्र त्याआधीच बंद पडू शकतात. नंतर ३० दिवस असे की नाव सुटतं, पण दंड भरून. मग पाच दिवस काहीच करता येत नाही. आणि मग बाजारात खुलं. चांगल्या नावांवर डोळा ठेवून बसलेली मंडळी असतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्याची वाट बघू नका.

वाईट वाटून घेऊ नका, मोठ्यांचंही होतं. १९९९ च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्ट पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायला विसरली. हॉटमेलचं लॉगिन त्या नावावर चालत असे. शेवटी एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरून ते चालू केलं.

डॉट इन घ्यावं की डॉट कॉम? आणि बँकांची नावं का बदलली?

दोन्ही घ्या, परवडत असेल तर. डॉट इन १९८९ पासून आहे आणि त्याचा कारभार आधी बरीच वर्षं मुंबईत जुहूला असलेल्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होता, हे मुंबईकरांनाही फारसं माहीत नसतं. तेव्हा ते मिळवणं कटकटीचं होतं. २००५ पासून निक्सी या संस्थेने ते सर्वांना खुलं केलं.

बँकांचं असं की रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२५. हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच ते नाव मिळतं आणि बँकेशिवाय कोणालाही मिळत नाही. इथे वरचं उजवीकडून वाचणं कामाला येतं. नावातली खरी सत्ता उजवीकडच्या टोकाला असते. सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्याला लागूनच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यानंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागे वाचा. ‘तुमचीबँक डॉट बँक डॉट इन’ म्हणजे बँक. ‘तुमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट अमुकतमुक डॉट कॉम’ म्हणजे अमुकतमुक नावाचा कोणी भामटा, ज्याने डावीकडे हवं ते लिहिलंय. डावीकडे काहीही लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढं एक शिकवा.

मराठीत डोमेन मिळतं का?

मिळतं. देवनागरीतलं ‘.भारत’ २०१४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि ते हिंदीबरोबर मराठी, कोंकणी, नेपाळी अशा भाषांसाठीही आहे. गंमत अशी की डीएनएसला आतून अजूनही रोमन अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच चालतं असं धरून कारभार होतो. म्हणून ब्राउझर तुमच्या अक्षरांचं एक सांकेतिक रूप करतो. ‘भारत’चं होतं एक्सएन--एच२बीआरजे९सी. पडद्यावर मराठी, तारेतून हे.

मराठीची स्वतःची एक डोकेदुखी आहे ती म्हणजे ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला रफार नसलेला अर्धा र. कॉम्प्युटरवर तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो : एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्याला एकच, यंत्राला दोन. ‘गोऱ्हे’ किंवा ‘वाऱ्या’ असलेलं नाव घेणार असाल तर घेण्याआधी नीट विचारून घ्या. आणि अशा नावावरचा ईमेल अजून बऱ्याच ठिकाणी, विशेषतः फॉर्म भरताना, ‘चुकीचा पत्ता’ म्हणून नाकारला जातो. मी सध्या तरी जोडीला रोमन नाव ठेवायला सांगतो.

८.८.८.८ टाकलं की नेट वेगवान होतं, खरं का?

८.८.८.८ हा गूगलचा रिझॉल्व्हर, २००९ पासूनचा. १.१.१.१ क्लाउडफ्लेअरचा, ९.९.९.९ क्वाड९ चा. डाउनलोडचा वेग याने वाढत नाही. तुमच्या कंपनीचा रिझॉल्व्हर मंद किंवा आजारी असेल तर पान उघडायच्या आधीची ती उचकी जाते, आणि माणसाला नेट वेगवान झाल्यासारखं वाटतं. कंपनीचा चांगला चालत असेल तर फरक शून्य.

इनकॉग्निटो वापरलं तर मी कुठे जातो ते लपतं का?

घरच्यांपासून लपतं, रिझॉल्व्हरपासून नाही. जुन्या पद्धतीचा डीएनएस प्रश्न पोस्टकार्डासारखा उघडा जातो, वाटेतला कोणीही वाचू शकतो. २०१६ मध्ये टीएलएसमधून आणि २०१८ मध्ये एचटीटीपीएसमधून, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येणार नाही असे, प्रश्न पाठवायचे प्रमाणित मार्ग आले. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ म्हणून दिसतं ते यातलं पहिलं. पोस्टकार्ड पाकिटात गेलं, पण पाकीट उघडणारा रिझॉल्व्हर वाचणारच. विश्वास कोणावर ठेवायचा एवढंच आपण बदलतो.

कोणी खोटा पत्ता सांगितला तर?

व्हायचं. रिझॉल्व्हर प्रश्न पाठवताना एक क्रमांक लावतो आणि त्याच क्रमांकाचं उत्तर खरं मानतो. क्रमांक ६५,५३६ पैकी एक. २००८ मध्ये डॅन कामिन्स्की यांनी दाखवलं की न संपणारे प्रश्न उकरून काढत अंदाज मारत राहिलं तर फार वेळ न जाता खोटं उत्तर गळी उतरवता येतं. कंपन्यांनी गुपचूप एकत्र येऊन जुलैत एकाच दिवशी दुरुस्ती काढली : प्रश्न यंत्राच्या कोणत्या पोर्टवरून (क्रमांक असलेल्या दारातून) निघतो तेही बेभरवशाचं करून टाकलं, म्हणजे दोन आकडे एकदम ओळखावे लागतात.

पक्का उपाय डीएनएससेक, उत्तरावर सही. १५ जुलै २०१० रोजी रूटवर सही सुरू झाली. तिची मुख्य किल्ली अमेरिकेत दोन ठिकाणी तिजोरीत असते आणि वर्षातून चार वेळा, जगभरातून आलेल्या साक्षीदारांसमोर, कॅमेऱ्याखाली सह्यांचा सोहळा होतो. मुहूर्त सोडला तर सगळं काही असतं. एवढं असूनही बहुसंख्य डॉट कॉम नावांवर अजून सही नाही, कारण ती चुकली तर साइट पूर्ण गायब होते आणि बरोबर असली तर कोणाला दिसत नाही.

कधीकधी एकदम निम्मं इंटरनेटच बंद पडतं, तेही डीएनएसमुळेच का?

पुष्कळदा. २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अमेरिकेत तासन्‌तास अडखळले. हल्ला करणारी फौज होती घराघरांतल्या कॅमेऱ्यांची आणि रेकॉर्डरांची, कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता.

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आपल्याकडे सगळ्यांना आठवते. नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम तिन्ही गेले ते पहाटेपर्यंत. देखभालीच्या एका चुकीच्या आदेशाने फेसबुकचं अंतर्गत जाळं तुटलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरांना शिकवलेलं होतं की आतल्या केंद्रांशी संपर्क तुटला तर आपण आजारी आहोत असं समजून रस्त्यावरून बाजूला व्हायचं. सगळेच एकदम बाजूला झाले. यंत्रं जिवंत, पण वाट सांगणारं कोणी उरलं नाही. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात आपोआप डीएनएस नोंदी बदलणाऱ्या दोन प्रक्रिया एकमेकींच्या पायात आल्या आणि एका महत्त्वाच्या सेवेच्या नावापुढे पत्ताच उरला नाही. त्या दिवशी मला आलेले सगळे फोन ‘आमचं वायफाय बघून जा’ असे होते.

मी स्वतः कसं तपासू?

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, एनएसलुकअप लिहा, जागा सोडून नाव लिहा, एंटर. पत्ता येईल. मग शेवटी जागा सोडून ८.८.८.८ लिहून परत तेच करा. दोन्हीकडे वेगवेगळे पत्ते आले तर एकाच्या खिशात बहुधा जुनं उत्तर आहे. फक्त मोठ्या साइटना जागेप्रमाणे वेगळे पत्ते असतात, त्या सोडून. स्वतःच्या यंत्राची आठवण पुसायला आयपीकॉन्फिग, जागा, तिरपी रेघ आणि फ्लशडीएनएस. मॅक आणि लिनक्सवर ‘डिग’ वापरा, ते टीटीएलचे उरलेले सेकंदही दाखवतं. दोनदा चालवा, आकडा उतरताना दिसतो.

डिगच्या उत्तरात प्रत्येक नावाच्या शेवटी एक जास्तीचं टिंब दिसेल. ती चूक नाही. ते टिंब म्हणजे रूट, सगळ्यांत उजवीकडचा मालक, जो आपण लिहीत नाही. काही जुन्या पॅनेलांत मात्र ते लिहावंच लागतं, आणि विसरलं तर नाव दोनदा जोडलं जाऊन मेल डॉट एक्झाम्पल डॉट कॉम डॉट एक्झाम्पल डॉट कॉम असं काहीतरी तयार होतं. तुमचं नाव असं दुहेरी दिसलं तर टिंब टाका, टीटीएल संपेपर्यंत थांबा, आणि मगच मला फोन करा.